लेकीचा कान

त्या गावात चर्चचं घड्याळ प्रत्येक तासाचे ठोके दोनदा देतं. आठ वाजले की आठ ठोके, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच आठ. पहिल्या सकाळी मी अंथरुणात पडून मोजत होते. सोळा झाले तेव्हा उठून बसले. विहीणबाईंनी नंतर फ्रेंचमध्ये खुलासा केला आणि माझ्या लेकीनं तो मराठीत सांगितला. शेतात काम करणाऱ्याचे पहिल्या वेळी ठोके मोजायचे राहिले, तर दुसऱ्यांदा मोजता यावेत म्हणून जुन्या लोकांनी ही सोय करून ठेवली आहे. मला ते गाव तिथल्या तिथे आवडलं. पुढे त्याच गावानं मला असं कोंडीत पकडलं की विचारू नका.

गाव म्हणजे तरी केवढं? फ्रान्सच्या पूर्वेकडच्या डोंगरांत एक लांबट तळं आहे, त्याच्या काठाला पन्नासेक घरं. मागे चढ, पुढे पाणी, मध्ये एकच रस्ता. एक बेकरी, ती सोमवारी बंद. एक पोस्ट, ते सकाळी दोन तास उघडं. सिंगापूरला तोआ पायोहमधल्या आमच्या एका ब्लॉकमध्ये, म्हणजे एका इमारतीत, त्या अख्ख्या गावापेक्षा जास्त माणसं राहत असतील. आमचे जावई त्या गावचे. बुकित तिमाहच्या एका इंटरनॅशनल शाळेत ते फ्रेंच शिकवायला आले होते, तिथे माझ्या लेकीची आणि त्यांची ओळख झाली. लग्नानंतर चार वर्षांनी दोघं त्यांच्या गावी राहायला गेली, आणि माझी नात तिथेच जन्मली.

नात पाच वर्षांची असताना, गेल्या जुलैत, आम्ही नवरा-बायको तीन आठवडे त्यांच्याकडे राहिलो. त्या गावात उन्हाळा म्हणजे पाणी. विहीणबाई सत्तरीच्या पुढच्या, पण रोज सकाळी कॉफीच्या आधी डोक्याला रबरी टोपी लावून घरामागच्या दगडी पायऱ्या उतरायच्या आणि तळ्यात शिरायच्या. पाणी असं गार की मी नुसती बोटं बुडवली तर हाडापर्यंत कळ गेली. पोस्टातली बाई जेवणाच्या सुट्टीत पोहायची. बेकरीवाला पोहायचा. दुपारी सगळं गाव काठावरच्या खड्यांवर टॉवेल टाकून पडलेलं असायचं. त्यात सलवार-कमीज घालून बसलेली मी एकटीच, आणि माझ्या शेजारी माझी लेक. आम्ही दोघी सगळ्यांच्या बॅगा सांभाळायचो.

जुलैच्या पहिल्या रविवारी तिथे एक रीत असते. बालवाडी संपवून पहिलीत जाणारी मुलं लाकडी धक्क्याच्या टोकावर रांगेनं उभी राहतात. खाली पाण्यात त्यांच्या घरचं कुणीतरी उभ्या उभ्या पोहत वाट बघत असतं. आई, बाप, मोठी बहीण. नाव पुकारलं की मूल उडी मारतं, घरचं माणूस त्याला धरतं आणि दोघं मिळून काठाला येतात. काठावर सगळ्यांना जर्दाळूचा केक. भाषण नाही, हारतुरे नाहीत. त्या वर्षी सात मुलं होती. सातही जणांनी नाक दाबून उड्या मारल्या, एक जण रडला, पण त्यानंही मारली. माझी नात माझ्या मांडीवर बसून बघत होती. ती मागे वळून मला म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी मी. मामाँ खाली."

तिची मामाँ, म्हणजे माझी लेक, हसली आणि उजव्या कानाला हात लावून तिला फ्रेंचमध्ये काहीतरी समजावून सांगितलं. काय सांगितलं ते मला कळलं. तिच्या कानाच्या पडद्याला लहानपणापासून भोक आहे, पाणी आत गेलं तर ती बहिरी होईल, म्हणून तिला पोहता येत नाही. सासरी सगळ्यांना हे ठाऊक होतं. विहीणबाई तर तिला पावसात टोपी घालायची आठवण करायच्या.

तिच्या कानाला भोक नव्हतं. कधीच नव्हतं. ते मी पाडलं होतं, आणि तोंडानं पाडलं होतं.

लेक तिसरीत असताना शाळेतून एक फॉर्म आला होता. सिंगापूरच्या शाळांत मुलांना पोहायला शिकवतात, त्यासाठी पालकांची सही हवी होती. त्याच सुमाराला तिचा कान दुखत होता, साधा सर्दीचा, आणि आमच्या ब्लॉकखालच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी दोन आठवडे पाणी जाऊ देऊ नका म्हणून चिठ्ठी दिली होती. मी ते दोन आठवडे ताणले. आधी वर्गशिक्षिकेला पत्र लिहिलं. मग पुढच्या वर्षी पुन्हा. लेकीनं एकदा हट्ट धरला, रडली, तेव्हा तिला समोर बसवून सांगितलं की तुझ्या कानाच्या पडद्याला भोक आहे, कायमचं आहे, आणि हे तुला आयुष्यभर सांभाळायचंय. आठ वर्षांच्या पोरीनं आईवर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? तिनं सांभाळलं. शाळेच्या स्विमिंग पुलावर ती बाकावर बसून मैत्रिणींचे चष्मे आणि घड्याळं सांभाळायची. वर्गातल्या श्रीमंत मुलींचे वाढदिवस बुकित तिमाहच्या कॉन्डोंमध्ये, म्हणजे महागड्या सोसायट्यांमध्ये, पुलाच्या काठी व्हायचे. तिथेही ती मैत्रिणींच्या आयांच्या घोळक्यात बसून केकच्या बशा भरायची. मी तिला न्यायला गेले की त्या बायका माझ्याकडे कौतुकानं बघून म्हणायच्या, किती समजूतदार मुलगी. मी मान डोलवायचे. त्यांना काही बोलणार कुठल्या तोंडानं?

नवऱ्याला मी कान नाजूक आहे एवढंच सांगितलं होतं. ते तुआसच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या करत होते. त्यांनी जास्त विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता मी हे का केलं, ते सांगते. आमचं गाव मराठवाड्यातलं. आम्ही बौद्ध, आमची वस्ती गावाबाहेर. गावातली पोरं मे महिन्यात पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकायची. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे आणि चुलता नाहीतर थोरला भाऊ वरून ढकलून द्यायचा. आमच्या पोरांनी ते लांबून बांधावर उभं राहून बघायचं. विहिरीत उतरायचं सोडा, आमच्या घागरीत पाणीसुद्धा वरून कुणीतरी ओतायचं. माझा दादा अकरा वर्षांचा होता. त्याला पोहायची फार हौस. एका पावसाळ्यात तो दगडाच्या खाणीत साठलेल्या पाण्यात उतरला. पाणी छातीएवढं असेल असं त्याला वाटलं असावं. मी सात वर्षांची होते. त्या दिवसापासून माझ्या आईनं आम्हा भावंडांना ओढ्याच्या घोटाभर पाण्यातही पाय टाकू दिला नाही, आणि बापानं जेवताना सांगून टाकलं की पाणी आपलं नाही.

गंमत बघा, मी शिकले, औरंगाबादला हॉस्टेलवर राहून एमएस्सी झाले, सिंगापूरला येऊन प्रयोगशाळेत नोकरी केली. दरवर्षी मार्च महिन्यात मी माझ्या लेकीला जवळ बसवून सांगायचे की आपली माणसं कोकणातल्या एका तळ्यावर चालत गेली, ओंजळभर पाणी प्यायली आणि त्यासाठी त्यांनी डोकी फोडून घेतली. अगदी छाती काढून सांगायचे. आणि त्याच हातानं शाळेला पत्र लिहायचे, हिला पाण्यात उतरवू नका. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच टेबलावर चालल्या होत्या आणि मला त्यात काही विसंगत दिसत नव्हतं. चांगली शिकलेली बाई मी. शिकल्यानं माणूस शहाणा होतोच असं नाही.

फ्रान्सहून आम्ही परत आलो. नात मात्र ते धरून बसली. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यापासून रोज एकच विषय, जुलैत मामाँ खाली हवी. बाबा चालणार नाहीत, आजी म्हणजे तिकडची आजी चालणार नाही. विहीणबाईंनी दहा वेळा सांगून पाहिलं की मी असेन ना पाण्यात. पोरीनं ऐकलं नाही. तिचं म्हणणं, मामाँ खाली नसेल तर मी उडीच मारणार नाही, मीही बॅगांजवळ बसेन. हे तिनं मला व्हिडिओ कॉलवर स्वतः सांगितलं. बॅगांजवळ बसणाऱ्या बायकांची तिसरी पिढी तयार होत होती आणि पहिली मी होते.

शेवटी लेकीनं ठरवलं, कानाचं ऑपरेशन करता येतं का ते विचारायचं. खालच्या शहरात जाऊन ती कानाच्या डॉक्टरांना भेटली. त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा ती हसत होती. डॉक्टरांनी दुर्बिणीतून दोन्ही कान बघितले, तपासण्या केल्या, आणि म्हणाले दोन्ही पडदे एकदम धडधाकट आहेत, भोक नाही, बुजलेल्या भोकाची खूणही नाही. लेक म्हणाली, "आई, आपोआप बुजलं असेल का गं?"

तिनं मला दार उघडून दिलं होतं. मी त्यातून पळाले. म्हटलं, बुजत असेल, वयाबरोबर बुजतं म्हणतात. ती आनंदानं नाचायचीच बाकी होती. फोन ठेवल्यावर मी ओट्याशी उभी राहिले आणि मला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. एवढ्यावर सुटका झाली असती तर हे लिहायची वेळच आली नसती.

पुढच्या शनिवारी जावई तिला शहरातल्या गरम पाण्याच्या पुलावर घेऊन गेले. गुडघ्यापर्यंत ठीक, कमरेपर्यंत ठीक. पाणी खांद्यावर आलं आणि तिच्या उजव्या कानात अशी कळ उठली की ती ओरडत बाहेर आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले कानात काहीही नाही, तुम्ही मानसोपचारतज्ज्ञांना भेटून बघा. ती रात्री नवऱ्याजवळ रडली की मला वेड लागतंय बहुतेक, नसलेलं दुखणं मला दुखतंय. हे जावयांनी मला फोन करून सांगितलं. लेकीनं नाही.

त्या दिवशी दुपारी मी हॉकर सेंटरला, घराजवळच्या खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात, जेवण आणायला गेले होते. पिशवी हातात घेऊन तिथल्याच एका स्टुलावर बसले आणि उठताच येईना. एका धडधाकट मुलीला आपण वेडी आहोत असं वाटत होतं आणि तिला तसं वाटू नये यासाठी फक्त मला तोंड उघडायचं होतं. मी घाबरले होते. लेक माझ्याशी बोलणं तोडेल, नातीला मला दाखवणार नाही, विहीणबाई काय म्हणतील, सगळं डोक्यात आलं. मग मला माझाच संताप आला. दादा गेला तेव्हापासून मी घाबरतच आले होते, आणि त्या घाबरण्यातून कुणाचं काय भलं झालं होतं? घरी येऊन डबा तसाच ठेवला आणि फोन लावला. तिथे सकाळ होती, नात शाळेत गेली होती.

मी सुरुवात केली, पण तिला काहीतरी आधीच कळलं असावं. तिनं मध्येच विचारलं.

"आई, माझ्या कानाला भोक होतं का?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. मी खोटं सांगितलं."

मला पलीकडून चर्चचे ठोके ऐकू आले, नऊ, आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो तोवर पुन्हा नऊ. मग ती म्हणाली, ठीक आहे, मला कामाला बसायचंय. फोन बंद झाला.

अकरा दिवस तिचा फोन आला नाही. जावई नातीचे फोटो पाठवत राहिले, त्याखाली एक ओळही नसायची. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "अगं, तिला मी शिकवलं असतं." त्यांना पोहता येतं. मुंबईला कॉलेजात असताना शिकले होते. हे ऐकून मला जास्त लागलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाराव्या दिवशी लेकीचा मेसेज आला. एकच शब्द, का. मी दोन तास बसून उत्तर लिहिलं. दादाचं लिहिलं. तिला मामा लहानपणी वारला एवढंच माहीत होतं, कसा ते नाही. पाटलाची विहीर लिहिली, बांधावर उभी राहणारी पोरं लिहिली, खाण लिहिली. आणि शेवटी, लिहिता लिहिता मला जे पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं तेही लिहिलं. दादा पाण्यामुळे गेला नाही. त्याला कुणी पोहायला शिकू दिलं नाही म्हणून गेला. एवढी साधी गोष्ट कळायला मला पन्नास वर्षं लागली, आणि तोवर मी तुलाही त्या बांधावर उभं केलं.

ती रात्री बोलली. आवाज बसला होता. म्हणाली, मला समजतंय आई, पण राग जात नाही. मी म्हटलं, जाऊ देऊ नकोस. मग म्हणाली, कान दुखायचाही थांबत नाही, खोटं आहे हे कळूनसुद्धा दुखतो, आता काय करू.

"फेब्रुवारीत शाळेला सुट्टी असते ना? नातीला घेऊन इकडे ये. मी तुला पाण्यात नेते."

"तुला कुठे पोहता येतं?"

"तोवर येईल."

हे मी बोलून तर बसले. तेव्हा नोव्हेंबर लागला होता आणि माझं वय अठ्ठावन्न, रक्तदाबाची गोळी चालू. पण शब्द दिला होता, आणि माझ्या शब्दाची पत आधीच इतकी घसरली होती की हा मोडून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॉलमध्ये जाऊन मनगटापासून घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घेतला. तो घालून आरशासमोर उभी राहिले तर नवरा म्हणाला, आता फक्त पाठीवर सिलिंडर राहिला. मी म्हटलं, हसा, पण सोमवारपासून मला सकाळी सातला पुलावर सोडायचं काम तुमचं.

नवऱ्याकडून शिकायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. नवरा-बायकोनं एकमेकांना काही शिकवू नये, दोघांचंही डोकं फिरतं. तोआ पायोहच्या सार्वजनिक पुलावर एक चिनी बाई वयस्क बायकांना शिकवतात. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, तरी मलाच आँटी म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला फक्त तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायला सांगितलं. मला जमलं नाही. पुलाची कड धरून मी अर्धा तास उभी होते. शेजारच्या लेनमध्ये चार वर्षांची पोरं बेडकासारखी उड्या मारत होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी नाकात पाणी गेलं, ठसका लागला, मी मराठीतून पाण्याला एक शिवी हासडली. कोचबाई सिंगापुरी इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, "आँटी, यू होल्ड ब्रेथ फॉर व्हॉट? युवर एअर, नोबडी वाँट टु टेक लाह."

मी रोज जायचे. पूल साफसफाईसाठी बंद असायचा तो दिवस सोडून रोज. दहाव्या दिवशी बुडबुडे आले. महिनाभरानं कड सोडून हातातल्या फळीच्या आधारानं पाय मारता यायला लागले. विजा कडाडल्या की पुलावर भोंगा वाजतो आणि सगळ्यांना बाहेर यावं लागतं. डिसेंबरात तर रोजच भोंगा. बाकीच्या बायका घरी निघून जायच्या, मी टॉवेल गुंडाळून छपराखाली बसून राहायचे. भोंगा थांबला की पुन्हा आत. कोचबाई म्हणायच्या, आँटी, उद्या कर. मी म्हणायचे, माझ्याकडे उद्या मोजके आहेत.

खोटं कशाला बोलू, आनंद वगैरे काही होत नव्हता. मला पाणी आवडत नव्हतं, अजूनही फारसं आवडत नाही. एकदा फळी सुटली आणि मी खाली गेले. डोळे उघडे होते, निळ्या फरशा दिसल्या आणि मला वाटलं, दादाला काय दिसलं असेल. खाणीत तर काळोखच असणार. कोचबाईंनी दंडाला धरून वर ओढलं. मी कडेवर बसून खूप रडले, एवढ्या लोकांत. त्या शेजारी बसून राहिल्या. मग मी नाक शिंकरलं आणि परत उतरले. त्या दिवशी उतरले नसते तर पुन्हा कधीच उतरले नसते, हे मला माहीत होतं.

जानेवारीच्या शेवटी मी पुलाची रुंदी पार केली. वेडीवाकडी, मान वर काढून, म्हशीसारखी. पण मध्ये कुठेही थांबले नाही. घरी येऊन लेकीला फोन केला नाही. तिला नुसतं सांगून भागणार नव्हतं. माझ्या सांगण्यावर तिनं आयुष्यभर विश्वास ठेवला होता, त्याचं काय झालं ते आम्ही दोघी बघत होतो.

फेब्रुवारीत लेक आणि नात आल्या. विमानतळावर लेकीनं मला मिठी मारली, पण नेहमीपेक्षा लवकर सोडली. चार दिवस आम्ही पाण्याचा विषयच काढला नाही. ती झोपली, जेवली, शाळेतल्या मैत्रिणींना भेटून आली. मला तिच्यासाठी पुरणपोळी करावीशी वाटली, ती केली. तिनं खाल्ली. पाचव्या दिवशी सकाळी मी माझी पोहण्याची पिशवी भरत होते, तर ती खोलीतून बाहेर आली. हातात तिचा पोहण्याचा पोशाख होता, त्याची किमतीची चिठ्ठीसुद्धा अजून काढलेली नव्हती. म्हणाली, चल.

पुलावर नवऱ्यानं नातीला लहान मुलांच्या भागात नेलं. ती तिथून आमच्यावर नजर ठेवून होती, मला दिसत होतं. कोचबाई पलीकडच्या लेनमध्ये दुसऱ्या कुणाला तरी शिकवत होत्या. त्यांनी मला हात केला आणि पाठ फिरवली. मी आधी उतरले. पायऱ्यांखाली उभी राहिले आणि वर हात केला. लेक एक एक पायरी उतरली. तिचा रंग उडाला होता. गुडघे, कंबर, छाती. मी तिच्यापेक्षा ठेंगणी, मला पाणी हनुवटीला लागत होतं, पण पाय जमिनीवर होते. मी तिला म्हटलं, इथे एक मिनिट थांब, श्वास सोड. ती थांबली. मग मी तिला आणखी दोन पावलं पुढे घेतली आणि पाणी तिच्या खांद्यांवर आलं.

तिनं दोन्ही हात माझ्या हातातून काढले आणि कानांवर दाबून धरले. डोळे मिटले. दात घट्ट आवळलेले. दुखत होतं, खरंच दुखत होतं, ते नाटक नव्हतं. चौतीस वर्षांची बाई माझ्यासमोर मानेपर्यंतच्या पाण्यात कान झाकून उभी होती आणि ते हात तिथे मी ठेवले होते. मला तिला उचलून बाहेर न्यावंसं वाटलं. टॉवेलमध्ये गुंडाळून घरी न्यावं, डोक्याला तेल लावावं, विसर म्हणावं. नेमकं तेच मी तिच्या लहानपणी केलं होतं. मी जागची हलले नाही.

तिला ऐकू जावं म्हणून मी तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन मोठ्यानं बोलले.

"तुझे कान चांगले आहेत. ते आधीपासूनच चांगले होते. हे मी तुला सव्वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. आज सांगते."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग होता, आणि तो मी तिच्याकडून मागून घेतलाच होता, म्हणून मी नजर खाली घातली नाही. पाणी हनुवटीवरून माझ्या ओठांना लागत होतं. मी हात पुढे करून ठेवला आणि वाट बघितली. किती वेळ ते सांगता येणार नाही.

मग तिनं डावा हात कानावरून काढला आणि माझ्या हातात दिला. उजवा तसाच होता, कानावर घट्ट. मी तो ओढला नाही. मी रुंदीच्या बाजूनं मागे मागे सरकत गेले, ती एका हातानं मला धरून आणि एका हातानं कान धरून माझ्यामागे आली, आणि आम्ही दोघी कड सोडून निघालो.